सासूचं पान उलटेना

कारापूरच्या सुमंगलावयनींना कानडी ओ की ठो कळत नाही, तरी गेल्या दोन वर्षांत त्यांनी अकरा कानडी कादंबऱ्या संपवल्या. हे श्रेय त्यांच्या सुनेचं. श्रद्धा कारवारची, कानडी शाळेत शिकलेली. लग्नानंतर दागिन्यांपेक्षा जड असं प्रेमकथांचं खोकं घेऊन ती या घरात आली. दुपारची जेवणं आटोपली की सासू ओसरीतल्या सोप्याच्या कट्ट्यावर बसून साखळी गावच्या बाजारासाठी अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, विणते आणि सून शेजारी बसून पुस्तकातलं कानडी कोंकणीत सांगते. मी शेजारचा, निवृत्त मास्तर. मी तिथे वर्तमानपत्र वाचायला जातो. प्रेमकथा ऐकायला जातो असं कोणी म्हटलं तर मला राग येतो.

या कथांतला नायक बहुधा कॉफीच्या मळ्याचा मालक, नायिका गरीब आणि देखणी, आणि सासू म्हणजे निव्वळ दुधावरची साय. सुनेला आधी वाढते, तिची बाजू घेऊन मुलाला झापते. मला संशय आला. सासू इतकी गुणी असती तर कादंबरी चाळिसाव्या पानावरच संपायला हवी होती! बाराव्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तर कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली एक बाई डोळे वटारून उभी होती.

"ही कोण गो?" मी विचारलं.

"ती शेजारीण," श्रद्धा म्हणाली.

शेजाऱ्यांवरचा हा आरोप मला चांगलाच झोंबला.

मग त्या कथेतल्या सुनेला अचानक बंदराच्या गावी नोकरी लागली. सोमवार ते शुक्रवार तिथेच राहायचं. आता कॉफीच्या मळ्यातल्या बाईचं बंदरात काय अडलंय? पण मला कारण ठाऊक होतं. श्रद्धालाच मुरगाव बंदरातल्या एका जहाज कंपनीचं नोकरीचं पत्र आलं होतं, शुक्रवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं. तिचा नवरा परेश "आईला तूच विचार" म्हणून नामानिराळा झाला होता. असले शूर वीर आमच्या वाड्यावर बरेच आहेत.

गुरुवारी श्रद्धा चहा करायला आत गेली आणि मी चुगली केली. "वयनी, तुमची सून पुस्तकांतलें कांयच सांगना. सगळें मनांतलें."

"म्हाका खबर आसा, मास्तर." वयनींचे हात थांबले नाहीत. "मोगाचें आयलें काय चार पानां एकदम परततात. सासू उलयता तेन्ना अर्दो वळेसर विणून जाता, तरी पान हालना. इतलीं बरीं उतरां कोण छापता?" प्रेमाचं आलं की सून चार पानं गाळते आणि सासूच्या गोड बोलण्याला मात्र पान उलटतच नाही, हे वयनींनी कधीच टिपलं होतं.

"मागीर तिका सांगूंक ना कित्याक?" त्यांनी सुनेला कधी टोकलं का नाही, हे मला कळेना.

"आपली सासू अशी आसची अशें तिका वाटता, न्हय? हांव आयकतां आनी तशी वागूंक बघतां. जड जाता, पूण बघतां."

मला स्वतःची लाज वाटली. दोन वर्षं मी सुनेच्या चुका शोधत बसलो होतो.

श्रद्धा चहा घेऊन आली, पुस्तक उघडून बसली. "सुनेन विचारलें, आई, हांव वचूं?" जाऊ का, एवढं विचारून ती थांबली.

"मागीर? सासू कितें म्हणटा?" वयनींनी विचारलं.

"फुडलें... फाल्यां सांगतां." श्रद्धाने ते उद्यावर ढकललं.

"फाल्यां शुक्रार. पत्राक जबाब फाल्यांच दिवपाचो, न्हय?" वयनींना पत्राचीही खबर होती.

श्रद्धाचा चेहरा पांढरा पडला. वयनींनी वळेसर बाजूला ठेवला, पदराला हात पुसले आणि तिच्या मांडीवरचं पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं. एक अक्षर कळत नसताना त्या पानावर बोट ठेवून सावकाश वाचू लागल्या.

"सासू म्हणटा, वच गो बाय. घर हांव सांबाळटां. पूण दर शेनवारा येवन फुडलें वाचूंक जाय. तूं नासतना दनपारचें घर म्हाका खावंक येतलें." बोट जागचं हललं नाही. "आनी म्हणटा, परत कितें विचारपाचें आसल्यार तोंडार विचार. सासू वाघ न्हय."

मग वयनींनी स्वतःच्या हाताने पान उलटलं आणि पुस्तक सुनेला परत दिलं.

"आतां मोगाचें वाच. मास्तर आसात म्हणून पानां सोडूं नाका."

श्रद्धा रडत रडत हसायला लागली. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. डोळे पुसायला तेवढाच आडोसा होता.