आपल्या माणसाचा पहाड

दुबईच्या मॉलमध्ये, मशीननं पाडलेल्या बर्फावर, आमची मुलगी दर शुक्रवारी स्नोबोर्ड शिकायची. बाहेर उन्हानं डांबर मऊ व्हायचं आणि आत आम्ही आया काचेपलीकडे डोळे लावून बसायचो. "याची परीक्षा कधी असते हो?" असं एकीनं मला गंभीरपणे विचारलं होतं. गाण्याच्या क्लासला असते ना, तशी.

शिकवणारा गृहस्थ मंदीच्या आधी फ्लॅट विकायचा. टॉवर जागच्या जागी थांबले आणि साहेबांनी टाय काढून गॉगल चढवला. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तो खणखणीत आवाजात आरत्या म्हणायचा. तेवढ्या भांडवलावर त्यानं अर्ध्या मंडळाला न बांधलेली घरं विकली होती. आमचंही त्यातलंच. हायवेनं जाताना दिसायचं: वाळूतला खड्डा आणि वर गंजलेली क्रेन. तरी नवरा त्याला 'सर' म्हणायचा. "अगं, आपला माणूस आहे. तो तरी काय करणार?" अशा वेळी मला नवऱ्याची कीव येत नसे, संतापच येई.

आता हा आपला माणूस मुलींना फ्रीराइडच्या स्पर्धेसाठी तयार करत होता. फ्रीराइड म्हणजे झेंडे नाहीत, आखलेली वाट नाही. बर्फ पडला तसा पहाड, आणि खालून नीट निरखून त्यावरची वाट आपली आपण निवडायची. हे तो शिकवायचा कुठे, तर रोज सकाळी मशीननं इस्त्री केलेल्या उतारावर, जो हॉट चॉकलेटच्या काउंटरपाशी संपतो. मी हसायचे. मुलीला मात्र हसू येत नसे. तिला खरा पहाड हवा होता, आणि तो मुलींना काश्मीरला स्पर्धेसाठी नेणार होता. निवडलेल्यांत ती होती. सोळा वर्षांच्या पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं.

पालकांच्या मीटिंगमध्ये त्यानं पडद्यावर पहाडाचा फोटो दाखवला. त्यावर एक लाल रेघ. सगळ्या जणी याच रेघेनं उतरणार म्हणे. आमच्या फ्लॅटच्या ब्रोशरमधला स्विमिंग पूल असाच निळा रंगवलेला होता.

"तुम्ही स्वतः उतरलात इथून?" मी विचारलं.

"वहिनी, ट्रस्ट मी. आपलीच पोर आहे. इन्शाल्ला मेडल घेऊनच येणार."

नवऱ्यानं टेबलाखाली माझा पाय दाबला. गाडीत मुलगी म्हणाली, "यू जस्ट हेट हिम बिकॉज ऑफ द फ्लॅट." खोटं नव्हतं ते.

पुढच्या शुक्रवारी तीच तो फोटो घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. मी तिचं जॅकेट धरून शेजारीच होते.

"सर, रेघ या खडकावरून जाते. खडकाच्या खाली काय आहे? व्हॉट इफ इट्स अ क्लिफ?"

"तू रेघ सोडू नकोस, म्हणजे झालं."

"बट हॅव यू सीन इट?"

"फोटो बघितलाय ना! किती प्रश्न गं. यल्ला, चल, वर जा."

बाकीच्या मुली हसल्या. ही वर गेली नाही. बाकावर बसून तिनं बूट सोडले.

घरी जाताना नवऱ्यानं सुरू केलंच. "अगं, एवढी निवड झाली आहे. आणि शेवटी आपला माणूस..."

"बाबा, यू बॉट अ हाउस फ्रॉम हिम. डिड यू एव्हर गो अँड सी इट?"

खिडकीबाहेर तो खड्डा मागे गेला. मागच्या सीटवर मुलगी बोर्ड मांडीवर आडवा धरून रडत होती. "आय वुड हॅव बीन गुड, मॉम," एवढंच म्हणत होती. खरंच ती चांगली होती. हे त्या हॉट चॉकलेटवाल्या काउंटरवरच्या माणसालाही कळत होतं.

घराचं मला आता काही वाटत नाही. पण पोरीला एकच पहाड हवा होता, आणि तोही याच माणसानं विकायला काढला, हे मी विसरणार नाही. गणपतीत त्याची आरती सुरू झाली की मी हॉलबाहेर जाऊन उभी राहते. नवरा आत टाळ्या वाजवत असतो.