काकांचा अंगठा

पास्कूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाडीत केळींना पाणी सोडत होतो. फोन ठेवला आणि मनात पहिला विचार आला तो काकांचा नव्हता, माझ्या मुलीचा होता. आता जेनीचं कसं होणार? रडू त्यानंतर आलं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. स्वतः लग्न केलं नाही, पण आमच्या गास गावातली आणि आसपासची कितीतरी लग्नं त्यांनी वाजवली. ब्रास बँडमध्ये त्यांचा कॉर्नेट, तुतारीसारखं पितळी वाद्य. दफनाला तर लग्नापेक्षा जोरात वाजवायचे. का, विचारलं तर म्हणायचे, "मेलेल्याला ऐकू कमी येते रे."

जेनीचं हे सुरू झालं तेव्हा ती बालवाडीत होती. अंगणात खेळता खेळता आत आली आणि म्हणाली, "पप्पा, छातीत काहीतरी पळतंय." फ्रॉकवरूनसुद्धा दिसत होतं. मी आणि माझी बायको लीना नुसते बघत राहिलो... आपलं मूल समोर बसलंय आणि आपल्याला करण्यासारखं काही म्हणजे काही नाही. हॉस्पिटलात ठोके जागेवर आणले. डॉक्टरांनी समजावलं, हृदयात विजेची एक आडवाट आहे, जेनी मोठी झाली की त्या वाटेवर इलाज करू. तोवर ठोके धावले की आधी औषधाविना उपाय करायचे. रिकाम्या सिरिंजमध्ये जोर लावून फुंकायला सांगायचं, लगेच आडवं करून पाय वर धरायचे. काहीजण दाबतात तसे डोळे मात्र कधी दाबायचे नाहीत. आणि थांबलं नाही किंवा पोर मलूल दिसली, तर तडक हॉस्पिटल.

सांगायला सोपं. सिरिंज दिसली की जेनी घर डोक्यावर घ्यायची. त्याला सुई नाही हे तिला पटवायचं कोणी? शेवटी काकांनी कॉर्नेटचा माउथपीस, म्हणजे फुंकायचं तोंड, काढला, मागच्या टोकाला अंगठा दाबला आणि पुढचं टोक तिच्या ओठांना लावलं. "फुक बाय. वारा भायेर काढलास तर तू जिकलीस." वारा कधीच बाहेर येत नसे. ती लालबुंद होईस्तोवर फुंकायची, काका तिला आडवं करून पाय वर धरायचे, आणि बहुतेक वेळा ते पळणं एकदम थांबायचं. डॉक्टरांना आम्ही भीत भीत दाखवलं. ते हसले. "जोर लागतोय ना? मग चालेल." तेव्हापासून घरात आम्ही आईबाप नावाला, जेनी हाक मारायची ती काकांना, तिच्या आजाला.

मग काकांनाच न्युमोनिया झाला. श्वास आत ओढून आतले चेंडू वर उचलायचे, तसलं तीन चेंडूंचं प्लॅस्टिकचं यंत्र हॉस्पिटलात त्यांच्या हातात दिलं. आयुष्यभर फुंकत आलेला माणूस, पण एक चेंडू जरासा हलला आणि खाली बसला. जेनी खाटेला टेकून त्यांना चिडवत होती, "आजा, एक तरी उचल ना! मग तू जिंकलास." काका तिच्याकडे बघून हसले. मला म्हणाले, "पोरीसाठी अंगठा नीट धर रे." आमची शेवटची भेट ती.

दफनाला बँड आला होता. काकांची जागा रांगेत मोकळी ठेवली होती.

काकांसाठी चर्चमध्ये झालेल्या महिन्याच्या मिस्सेहून परतलो आणि जेनीचे ठोके धावले. तिने स्वतःच माउथपीस आणला, ओठांना लावला. मी मागून अंगठा दाबला. फुस्स करून वारा निसटला. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. "पप्पा, अंगठा हलतोय तुमचा," ती म्हणाली. हलत होता. एवढंसं भोक, पण मला ते बंद करता येत नव्हतं. लीनाने रिक्षा बोलावली. हॉस्पिटलात इंजेक्शनवर ठोके उतरले, ज्या सुईला ती एवढी घाबरायची तिच्यावरच...

माउथपीस आता घरातल्या आल्तारीजवळच्या, देवाच्या कोनाड्यापाशी असलेल्या खिळ्याला असतो. संध्याकाळची रोजरीची प्रार्थना झाली की जेनी तो काढून आणते. ठोके ठीक असतात, हा नुसता सराव. ती चटईवर बसते, मी अंगठा दाबतो. ती फुंकत नाही, आधी अंगठ्याकडे निरखून बघते.

"अजून हलतोय," म्हणते, आणि माउथपीस परत खिळ्याला अडकवून येते.