वरीलप्रमाणे लिहिणारे सर

आंबेगाव आणि जुन्नर हे दोन्ही तालुके पालथे घातले तरी आमच्या गणिताच्या सरांइतका उद्योगी आळशी माणूस सापडायचा नाही. पाच मिनिटांचं काम टाळण्यासाठी पाच महिने राबायची त्यांची तयारी असे. स्टुलावरून उठून घंटेपर्यंत जायचा शिपायाला कंटाळा येतो, हे त्यांना दिसलं आणि त्या कंटाळ्याची त्यांना इतकी कणव आली, की एक जुनं घड्याळ आणि भंगारातली मोटर जोडून त्यांनी आपोआप वाजणारी घंटा तयार केली. घंटा वेळेची इतकी पक्की, की संस्थेच्या एका वृद्ध विश्वस्तांच्या शोकसभेत दोन मिनिटांचं मौन चालू असताना तिनं मधली सुट्टी जाहीर केली आणि पाचवीची पोरं आनंदानं ओरडत डबे घेऊन पळाली. सर मात्र मान खाली घालून उभे होते. नंतर मला म्हणाले, "बाई, घंटेची काय चूक? मौन उशिरा सुरू झालं." घरी त्यांनी ताक घुसळायच्या रवीला मोटर लावली होती. त्यांच्या पत्नी सांगत, "ताक दोन मिंटात व्हतं हो, पन भिंती पुसायला मला तासभर लागतो."

मी याच शाळेत मराठी शिकवते. घोडेगावच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमची शाळा. खालच्या गावांतली मुलं सायकलवर येतात आणि वरच्या डोंगरातली वसतिगृहात राहतात. प्रत्येक वर्गशिक्षकाकडे एक पालक संपर्क नोंदवही असते. पालकांशी कधी बोलणं झालं, कशासाठी, ते काय म्हणाले, आपला अभिप्राय काय, हे सगळं तीत लिहायचं. गणिताचे सर पालकांशी बोलायला कंटाळत नसत. एखादा बाप चुकून फाटकाशी दिसला, तर त्याच्या उसाच्या खोडव्यापासून म्हशीच्या कासेपर्यंत सर्व विषय ते उभ्यानं संपवीत. कंटाळा होता तो फक्त लिहिण्याचा. त्यांच्या वहीत तारीख आणि नाव झालं, की पुढं सगळीकडे एकच शब्द असे: 'वरीलप्रमाणे'. एकदा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, ही 'वरीलप्रमाणे'ची शिडी पकडून वर वर जायचं ठरवलं. त्या पानं उलटत गेल्या, वही संपली, मागच्या वर्षीची वही काढली. शेवटी पहिल्या पानावर पहिल्या ओळीत मूळ नोंद सापडली: 'मुलास गोवर आला आहे.' म्हणजे दोन वर्षांत सरांच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाला, फी माफीच्या अर्जापासून कबड्डीच्या सामन्यापर्यंत प्रत्येक कारणानं, गोवरच आला होता.

मोठ्या बाईंनी त्यांना हात जोडले. सरांनी ते मनाला लावून घेतलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपासून दोन-तीन महिने प्रयोगशाळेतल्या एका जुन्या संगणकासमोर मुक्काम ठोकला. त्याला एक मोबाइल जोडला. सकाळी सगळ्या वर्गांची हजेरी भरली, की गैरहजर मुलांच्या घरी संगणक आपण होऊन फोन लावणार, निरोप सांगणार, पालकांचं उत्तर घेणार आणि नोंदही स्वतःच लिहिणार. नोंदीसाठी वाक्यं हवी होती. सर माझ्याकडे आले. "बाई, तुमच्याकडनं पंचवीस चांगली वाक्यं पाहिजेत. सरकारी वाटली पाहिजेत, पण त्यात चूक निघायला नको." मीही हुरळून जाऊन लिहून दिली. निरोपाचा आवाजही माझाच घेतला. 'नमस्कार. आपला पाल्य आज शाळेत उपस्थित नाही. निरोप मिळाला असल्यास एक दाबा. आजारपण असल्यास दोन दाबा. लग्न अथवा जत्रा असल्यास तीन दाबा. बिबट्याच्या भीतीमुळे पाठवले नसल्यास चार दाबा.'

आमच्याकडं उसात बिबट्या असतोच, त्यामुळं चार हा आकडा ठेवणं भाग होतं. पण चार दाबलं की कुणी उलट विचारत नाही, हे पोरांना दोन दिवसांत कळलं आणि कागदावर आमच्या पंचक्रोशीत माणसांपेक्षा बिबटे जास्त झाले. माझी तर वेगळीच पंचाईत झाली. आमच्याकडच्या माणसाला फोन आला, की आधी ख्यालीखुशाली विचारायची सवय. यंत्रातली मी काही थांबत नसे. मंचरच्या बाजारात एक भाजीवाली माझ्याकडं बघून तोंड फिरवून बसली. मी विचारलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या बाई. मी एवढं 'कशा हायेत' म्हनून इचारते, आन् तुमी आपलं 'एक दाबा, दोन दाबा' करून फोन ठिवता. लई आखडू झालात." मी सरांना येऊन सांगितलं, तर ते पोट धरून हसले.

पण नोंदी सुरेख निघू लागल्या. महिनाअखेरीला छापलेले स्वच्छ कागद यायचे. तपासणीला आलेल्या साहेबांनी ते इतर शाळांना दाखवायला मागून नेले. सर दुपारी मोकळे बसत आणि मोकळेपणाचा आनंद चेहऱ्यावर मावत नसे.

दिवाळीनंतर दहावीच्या परीक्षेचे अर्ज भरायची मुदत संपत आली होती. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा अर्ज सहीशिवाय तसाच राहिलेला दिसला. आहुप्याची पोर, वसतिगृहात राहायची. गणितात हुशार म्हणून सरांची फार लाडकी. डोंगरातली मुलं सुट्टीवरून उशिराच येतात, म्हणून आम्ही दोघांनीही मनावर घेतलं नव्हतं. मी तिची नोंद काढली. बावीस वेळा संपर्क. सगळ्या ठिकाणी माझंच वाक्य होतं: 'पालकांशी संपर्क झाला. प्रतिसाद समाधानकारक.' आणि पोरगी महिनाभर शाळेत नव्हती.

मी कागद सरांपुढं धरला. त्यांनी तो दोनदा वाचला. स्कूटरची किल्ली घेतली आणि म्हणाले, "बसा."

डिंभ्याचं धरण मागं पडलं, घाट लागला. एरवी दिसेल त्या पालकापाशी थांबणारी सरांची स्कूटर कुठं थांबली नाही. आहुप्यात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मुलीची आई दारात बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला.

"या बाई, या सर. लई लांब आलात," ती म्हणाली. "हिरडा वाळत घालताना घसरले. पोरगी व्हती म्हनून घर चाललंय."

"पण शाळेला कळवायचं तरी," मी म्हणाले.

"कळवलं की! हितं रेंज न्हाई, म्हनून पोराचा नंबर दिलाय शाळंला. त्यो चाकणला कंपनीत हाय. त्यो म्हनला, आई, शाळंतून फोन येतो, मी एक दाबतो. एक दाबलं की रजा मंजूर व्हते."

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं.

तेवढ्यात मुलगी पाण्याचा हंडा घेऊन आली. आम्हाला बघून दचकली. मी विचारलं, "अगं, अर्जाची मुदत परवा संपतेय, तुला माहीत होतं ना?"

"व्हतं," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "मला वाटलं, तुमी शाळंतनं माझं नाव काढून टाकलंत. दादाला रोज फोन आला, पन मी कुठंय म्हनून एकदाबी कुनी इचारलं न्हाई."

सर उठले. तिच्या हातातून हंडा घेतला, घरात रिकामा केला आणि तो घेऊन झऱ्याकडं चालू लागले. आणलेलं पाणी ओतून पुन्हा गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. खडू खाली पडला तर पोरांना उचलायला लावणारा हा माणूस त्या दिवशी घरातली एकूण एक भांडी भरेपर्यंत थांबला नाही. शर्ट भिजलेला, धाप लागलेली. शेजारची एक बाई हे बघायला बाहेर आली. सरांनी तिलाच गाठलं. "मावशी, ह्यांचा हात बरा होईपर्यंत पाणी कोण भरेल?" ती म्हणाली, "आमी भरू की. आमाला वाटलं, पोरगीनं शाळा सोडली, म्हनून आमी इचारलं न्हाई." मी सोबत आणलेल्या अर्जावर आईनं डाव्या हाताचा अंगठा उठवला. "अंगठा चालंल ना सर? एरवी मी सही करते हां," असं दोनदा बजावून तिनं शाईचं बोट पदराला पुसलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं पोरगी आली आणि अर्ज मुदतीत गेला.

मला वाटलं, सर आता ते यंत्र मोडीत काढणार. पण मोडीत काढलं तर पुन्हा लिहावं लागलं असतं. त्यांनी वेगळंच केलं. लागोपाठ दोन दिवस मूल आलं नाही, की यंत्र पालकांना सोडून सरळ सरांनाच फोन लावू लागलं, आणि तोही सरांच्याच आवाजात: "उठा सर. स्वतः जाऊन या." डबा उघडला, की नेमका फोन वाजे. सर आपल्याच आवाजाशी भांडत, "अरे, दोन घास तरी खाऊ दे राव!" म्हणत आणि तरी उठत. निरगुडसरपासून पार डोंगरापर्यंत त्यांची स्कूटर धावू लागली. परतल्यावर मी वही पुढं केली, तर तोंड कडू करून का होईना, ते लिहू लागले. एकदा मी डोकावून पाहिलं. अर्धं पान भरलं होतं. मुलाच्या बापाचं म्हणणं त्याच्याच बोलीत, जसंच्या तसं. अभिप्रायाच्या रकान्यात फक्त एवढंच होतं: 'चहा पाजला. माणूस चांगला आहे. पुन्हा जायला पाहिजे.'

ती मुलगी पास झाली. पुढं परिचारिकेचं शिकायला गेली. सर मागल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात दोनच वाक्यं बोलून त्यांनी बसून घेतलं. संस्थेनं आता सगळ्या शाळांसाठी तयार ॲप घेतलंय. ते चांगलं आहे. त्यात काही बिघडत नाही, ते कुणाशी भांडत नाही, आमच्या सगळ्यांच्या नोंदी पूर्ण असतात. मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षक पूर्वीसारखेच एकत्र चहा घेतो. फक्त हल्ली कुणाच्या घरचं सांगायला काही नसतं, म्हणून तो पाच मिनिटांत संपतो आणि घंटा व्हायच्या आधीच आम्ही आपापल्या वर्गांकडं निघालेलो असतो.