जावळाच्या जेवणातलं विष

त्या शाळेची ओसरी आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सत्तरच्या दशकात मी सातारा जिल्ह्यात फौजदार होतो. ऐन उन्हाळ्यात एके सकाळी रहिमतपूरकडच्या एका गावचे पोलीस पाटील ठाण्यात आले आणि दारातूनच म्हणाले, "सायेब, कालच्या जावळाच्या जेवणात इख घातलंय. गाव आडवं झालंय. लोकांनी मालकाच्या भावालाच धरलाय. लवकर चला, न्हाईतर मारत्याल त्याला."

आम्ही जीप काढली. गावच्या शाळेच्या ओसरीवर माणसं ओळीनं पडली होती. उलट्या, जुलाब, बाहेर जाण्याइतकंही बळ कुणात उरलं नव्हतं. ज्याचं जावळ झालं, त्याची आजी पाणी पाणी करत होती. दुपार कलायच्या आत ती गेली. खून, दरोडे मी पाहिले होते. पण एका जेवणानं गावाची अशी दशा झालेली कधी पाहिली नव्हती.

यजमानाच्या धाकट्या भावाला लोकांनी लिंबाला बांधलं होतं. दोघा भावांत बांधावरून वैर. तो जेवायला आला नव्हता, आणि त्याच्या छपरात एंड्रिन या पिकावरच्या विषारी औषधाची बाटली सापडली होती. अर्थात तशी बाटली तेव्हा घरोघरी असायची. मी त्याला ताब्यात घेतलं आणि पंचनामा करून बाटली व उरलेलं मटण जप्त केलं.

ठाण्यात विचारलं, "कधी घातलंस?"

"सायेब, वैर बांधाचं हाय. त्या पंगतीला माझी आई बसल्याली. आईच्या ताटात इख घालीन व्हय मी?"

"तुझी आई गेली."

"परवा तर बोलवाय आल्ती मला. मीच ग्येलो न्हाई," असं म्हणून त्यानं कपाळ फरशीवर आपटलं. गुन्हेगार आधी स्वतःची सुटका शोधतो, हा माझा अनुभव. यानं सुटकेचं नावही काढलं नाही. शवविच्छेदन झाल्यावर मी त्याला बंदोबस्तात नेऊन आईला खांदा देऊ दिला.

शाळेच्या ओसरीवर आजाऱ्यांना तपासणारे आरोग्य केंद्राचे डॉक्टर म्हणाले, "एंड्रिन असतं तर तास-दोन तासांत माणसं झटके येऊन पडली असती. यांना पहाटे सुरू झालं, आणि अंगात ताप आहे. जेवूनही कोण धडधाकट आहे, ते शोधा."

मग घरोघर जबाब घेतले. माळकरी मंडळी वरण-भात जेवली होती, ती ठणठणीत. पाणी तर सगळ्यांनी एकाच विहिरीचं प्यालेलं. आदल्या संध्याकाळी पातेल्यातून गरम मटण जेवलेले पाहुणेही बरे. दुसऱ्या दुपारी तेच मटण खाल्लेले तेवढे पडले होते.

आचाऱ्याला विचारलं, "रात्री मटण कुठं होतं?"

"भाताला पातेलं लागत हुतं. मालक म्हनलं, फोडी हाऱ्यात काढा. काढल्या."

"कुठल्या हाऱ्यात?"

"कच्चं मटान ठेवल्यालं, त्योच की. दुपारी रश्शात टाकून जरा ऊन केलं."

उन्हाळ्याच्या उकाड्यात ते मटण रात्रभर त्या कच्च्या मटणाच्या टोपलीत तसंच झाकून राहिलं होतं.

पुढे अहवाल आले. म्हातारीच्या व्हिसेऱ्यात, म्हणजे शवविच्छेदनात काढून तपासलेल्या अवयवांत, विष नव्हतं. आजाऱ्यांच्या जुलाबात आणि उरलेल्या मटणात मात्र एकच जंतू सापडला. दोघा भावांना बोलावून मी ते समजावून सांगितलं. थोरला पांढराफटक पडला.

"म्हंजी... हाऱ्यात काढा म्हनलो, त्यानं? आईला मीच..."

मला वाटलं, आता धाकटा तोंड सोडणार. लिंबाला बांधल्याचे व्रण अजून त्याच्या मनगटांवर होते. पण तो उठून भावाशेजारी बसला. "दादा, तुला काय ठावं हुतं रं," एवढंच म्हणाला आणि दोघंही लहान मुलांसारखे रडले.

संशयाला आरोपी लगेच सापडतो. त्या उन्हाळ्यात तो सापडलाही होता, झाडाला बांधलेला. आम्हाला पोचायला थोडा उशीर झाला असता, तर जंतूंनी एक माणूस मारला असता आणि गावानं दुसरा.