थांबलेली शिलाई मशीन

'थांबेसर' हे काही त्यांचं आडनाव नव्हे, पोरांनी ठेवलेलं नाव. प्रश्न विचारला की हा माणूस थांबायचा. मनातल्या मनात वीसपर्यंत आकडे मोजायचा, आणि वर्गाने कितीही चुळबुळ केली तरी स्वतः उत्तर सांगून मोकळा व्हायचा नाही. गणिताच्या तासाला वीस सेकंदांची शांतता म्हणजे काय, ते बसणाऱ्यालाच ठाऊक.

अकरा वर्षं ते विद्यापीठात कंत्राटावर होते. दर वर्षी नवा कागद, दर वर्षी तीच धाकधूक. त्यात हा अर्धामुर्धा वर्ग आला: समोर बाकांवर बारा डोकी आणि भिंतीवरच्या पडद्यावर फोनवरून तास ऐकणाऱ्यांचे साठ काळे चौकोन. पालथ्या घड्यावर पाणी, असं बाकीचे प्राध्यापक म्हणायचे. सर म्हणत नसत, कारण त्यांच्याकडे एक चौकोन होता. त्यातली मुलगी कपड्यांच्या कारखान्यात शिवता शिवता तास ऐकायची. फोन जुना, माइक काही केल्या बंद होत नसे. त्यामुळे वर्गभर मशीनची घरघर. पोरं वैतागायची. "असू द्या रे, काम करतेय ती," सर म्हणायचे.

खरं कारण निराळंच होतं. सरांनी प्रश्न विचारला की ती घरघर थांबायची. मग पंधराव्या-सोळाव्या आकड्याला आवाज यायचा, "सर, चुकेल कदाचित, पण सांगू?" तेवढ्यावर सरांचा आठवडा निघायचा.

मग विभागप्रमुखांचं फर्मान निघालं. प्रत्येक तासाला किती पोरांनी पडद्यावर काय लिहून टाकलं, ते संगणक मोजणार. सहभाग साठ टक्क्यांच्या खाली, तर पुढचं कंत्राट नाही. सरांचा आकडा आला अकरा. थांबलेली मशीन मोजायची अक्कल संगणकाला कुठून असणार?

शेजारच्या वर्गातल्या अर्थशास्त्राच्या बाईंना त्यांची दया आली. "अहो सर, दर पाच मिनिटांनी 'आवाज येतोय का' विचारायचं. पोरं 'हो' टाकतात. झाला सहभाग!"

"आणि शिकवायचं कधी?"

"मधल्या वेळात."

घरी बायको म्हणाली, "तुमची तत्त्वं ठेवा गुंडाळून. पन्नाशीला कोण उभं करणार आहे तुम्हाला दारात?" अडला हरी! दुसऱ्या दिवसापासून सर विचारू लागले. आवाज येतोय? पडदा दिसतोय? कळलं ना? थांबायला वेळच उरला नाही. आकडा त्र्याण्णववर गेला, कंत्राट झालं, वर विभागप्रमुखांनी इतरांना मार्गदर्शन करण्यासाठी त्यांना व्यासपीठावर उभं केलं. टाळ्या पडल्या तेव्हा सरांना स्वतःची शिसारी आली.

शेवटच्या तासाला त्यांना राहवलं नाही. "एक, त्यात अर्धा, त्यात पाव, त्याच्या निम्मा," ते म्हणाले, "अशी बेरीज जन्मभर करत राहिलात तरी दोनच्या पुढे जात नाही. का?"

आणि मोजायला लागले. तीनपर्यंत पोचले नाहीत तोच पडदा भरला. हो. हो. हो सर. हो. त्यात तिचाही एक 'हो' होता.

सरांनी वीसपर्यंत मोजलं. मग आणखी वीस. मशीन चालूच होती.