उंदराचं दावं

उंदराला अंगरखा शिवायची वेळ तुझ्यावर येईल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दार दाखवलं असतं. मी ब्लाउज शिवते. पनवेलमधल्या आमच्या फ्लॅटच्या खिडकीशी माझं मशीन आहे आणि लग्नसराईत मला वेळेवर जेवायलाही फुरसत नसते. पण लेकीच्या मैत्रिणीच्या घरचे दोन महिन्यांसाठी बाहेरगावी गेले आणि त्यांचा पाळलेला पांढरा उंदीर पिंजऱ्यासकट आमच्याकडे आला. लेक तेव्हा सातवीत होती. ‘होता तसा परत देईन’ असा शब्द तिने मैत्रिणीला दिला होता, आणि तो शब्द दिवसातून चारदा मला ऐकवायची.

अडचण सासऱ्यांची होती. ते पनवेलजवळच्याच कोन गावचे शेतकरी. जमीन गेली, तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या आणि ते आमच्याकडे राहायला आले. जन्मभर भाताच्या बांधावरची उंदरांची बिळं खणलेला माणूस, आणि आता त्याच्या खुर्चीसमोर एक उंदीर बसून काकडी खात होता. पिंजऱ्यात होता तोवर ते गप्प राहिले. लेकीने त्याला घरभर फिरायला सोडलं, तेव्हा मात्र बोलले.

“जनावर घरात ठेवायचं तर त्याला दावं पायजे. बांधलेलं असंल ते आपलं. मोकळा फिरताना दिसला तर मी बाहेर सोडून येनार. मंग रडायचं नाय.”

दावं म्हणजे गुरं बांधायची दोरी. लेकीने ते शब्दशः घेतलं आणि माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. उंदराला पिंजऱ्यात डांबून ठेवायला ती तयार नव्हती आणि सासरे बोलले की करतात, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

मी त्याचं माप घेतलं. पेटिकोटच्या मऊ कापडाच्या दोन पट्ट्या, एक गळ्याला, एक पुढच्या पायांमागून छातीला, दोन्ही जोडणारा पाठीवर तुकडा, पोटाखाली टिचबटण. पाठीला ब्लाउजची नाडी. अर्ध्या तासाचं काम. शिवताना मात्र हात सवयीने दोन बोटं सैल गेला. लहान पोराचे कपडे अंगासरशी शिवून मागणारी आई मला आजवर भेटलेली नाही. ‘पुढच्या वर्षीही आला पाहिजे’ म्हणूनच कापड पुढे करतात. उंदीर चांगला जाणता होता, तो आणखी काय वाढणार होता? पण सवय ती सवय.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीच्या हातात नुसती नाडी आणि रिकामा अंगरखा उरला. उंदराचं डोकं जिथून निघतं तिथून अख्खा उंदीर निघतो, हे मला तेव्हा कळलं. दार उघडं होतं. सोसायटीने त्याच आठवड्यात जिन्यात, मीटरच्या पेटीखाली, गटाराच्या तोंडाशी उंदरांचं औषध ठेवलं होतं. नोटीसही लावली होती, आणि ती मीच लेकीला वाचून दाखवली होती.

लेक रडली नाही. तिने फक्त विचारलं, “आता मी तिला काय सांगू?” मला उंदराबद्दल फारसं काही वाटत नव्हतं, ते खोटं कशाला बोलू. पण माझ्या शिलाईमुळे माझ्या मुलीचा शब्द जाणार, याची मला भयंकर लाज वाटली. हाताखालून इतके ब्लाउज गेले, एकही परत आला नव्हता.

मी झाडू घेऊन पलंगाखाली शिरणार, तेवढ्यात सासरे खुर्चीतून उठले. “तुमी दोघी हलू नका. हाकललात तर आनखी लांब जाईल.” त्यांनी जिन्यातलं औषध आधी एका कागदात गोळा केलं, पुडी खिशात घातली. मग दाराबाहेर, भिंतीच्या कडेला चिमूटभर भात ठेवला आणि शेजारी जमिनीवर मांडी घालून बसले. गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नाही, असं ते आम्हाला रोज सांगायचे. “उंदीर भिंत सोडत नाय,” एवढंच म्हणाले.

संध्याकाळच्या पाण्याची मोटर चालू झाली तेव्हा वरच्या मजल्याच्या पायऱ्यांवरून, भिंतीला अंग घासत तो खाली आला. ज्या हातांनी शेकड्यांनी उंदीर मारले, त्याच हातांनी त्यांनी तो अलगद उचलला.

दुसरा अंगरखा त्यांनी सांगितला तसा मी शिवला. “एक काडी जाईल एवढीच जागा ठेव. बोट नको.” काडेपेटीतली काडी घालून त्यांनी स्वतः तपासलं. त्यानंतर नाडीचं टोक बहुतेक त्यांच्याच मनगटाला असायचं. सकाळी पेपर वाचताना उंदीर त्यांच्या खांद्यावर, आणि ‘बांधलेला हाय ना, मंग?’ असं आमच्यावरच डाफरणं.

दोन महिने झाले. मैत्रीण आईबरोबर न्यायला आली. लेकीने उंदीर पुढे केला, अंगरख्यासकट, नाडीसकट.

“थांब बाय,” सासरे म्हणाले. त्यांनी टिचबटण काढलं, अंगरखा उतरवला आणि उघडा उंदीर मैत्रिणीच्या हातात दिला.

पाहुण्यांसमोर मी ओशाळले. एवढीशी चिंधी, तीही काढून घ्यायची? त्या गेल्यावर मी म्हणालेच, “बाबा, राहू द्यायचं होतं. मी त्या उंदरासाठीच शिवला होता.”

“जनावर द्यावं, दावं देऊ नये. दावं घरात राह्यलं का गोठा रिकामा राहत नाय. दुसरं जनावर येतं.” नाडी ते बोटांभोवती गुंडाळत होते.

लेक त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली होती. तिने विचारलं, “मग तुमच्या बैलांचं दावं कुठे आहे, आजोबा?”

त्यांनी नाडीच्या गुंडाळीला गाठ मारली.

“ते मी देऊन टाकलं,” म्हणाले. “जमीनच नव्हती. ठेवून काय करनार होतो?”