जीनाची अडलेली फाइल

वालीवच्या साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात फ्लॉईड नेटवर्क सांभाळायचा. तिथे साच्यांची ड्रॉइंग्ज करणाऱ्या जीनाच्या फाइली एफटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून फाइल पाठवायच्या सोयीने, ग्राहकाकडे जाईनात, तेव्हा त्याने लॉगिन होतंय एवढंच पाहिलं आणि साहेबांना सांगितलं, "नेटवर्क ठीक आहे, तिचंच चुकतंय." सर्वांदेखत बोलणी खाऊन जीनाने नोकरी सोडली.

महिन्याने नव्या मुलीचीही फाइल अडली. लॉगिन एका पोर्टने, म्हणजे नेटवर्कच्या एका दाराने, होतं, फाइल मात्र दुसऱ्या पोर्टने जाते; आणि तो नेटवर्कची राखण करणाऱ्या फायरवॉलवर फ्लॉईडनेच बंद केला होता. हे त्याला तेव्हा कळलं.

साहेबांपुढे कबुली देऊन तो निर्मळ गावात जीनाच्या घरी गेला. "चूक माझी होती, जीना."

"मला दुसरी नोकरी लागली रे," ती म्हणाली. "पण आई अजून मलाच धांदरट म्हणते. आत ये, तिला सांग."

मान खाली घालून फ्लॉईड आत गेला.